‘आपली टीम विकली म्हणे!’

२०२५ सालच्या दिवाळीतली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती आणि मी चकल्या तळीत होते. (कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला चकल्या जमतात की नाही, ह्याबद्दल आमच्या सासूबाईंना लग्नापासून शंका आहे. ती त्या दिवशीही फिटली नाही.) इतक्यात आमचे चिरंजीव जिना चढून धापा टाकीत आले आणि दारातूनच ओरडले, “आई, आपली टीम विकली म्हणे! इथून हलवणार म्हणतायत!”

क्षणभर मला काही उमजेना. बोरिवलीच्या दोन खोल्यांत विकण्याजोगे असे आहे तरी काय? मग उलगडा झाला. टीम म्हणजे अंधेरीच्या मैदानावर खेळणारा ‘मुंबई सिटी’ हा फुटबॉलचा संघ. खाली कंदील लावणाऱ्या पोरांत बातमी फुटली होती. कुणी म्हणे टीम बंदच होणार, कुणी म्हणे परदेशी मालक गाशा गुंडाळणार, तर कुणी म्हणे टीम दुसऱ्या शहरात जाणार. चिरंजीवांच्या अंगावर संघाची ती आभाळी रंगाची बनियन होती. दिवाळीचा नवा सदरा तसाच घडीत पडून होता.

मी व्याकरण शिकवणारी. मुलाच्या दुःखापेक्षा आधी माझे लक्ष गेले ते एका शब्दाकडे. तो ‘आपली टीम’ म्हणाला, ‘आमची टीम’ म्हणाला नाही. मराठीतला हा भेद मोठा मौजेचा आहे. ‘आमची’ म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपली’ म्हटले की तोही घरात येतो. म्हणजे चिरंजीवांनी मलाही त्या टीमच्या मालकांत ओढले होते. खरे सांगायचे तर मी त्या मैदानावर सगळी मिळून तीनदा गेले होते, आणि त्यातल्या एका वेळी तर मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बरोबर नेला होता!

पण शब्द लागला तो लागलाच. टीम ‘आपली’ असेल तर ती विकली कोणी? आणि विकली जात असेल तर ती ‘आपली’ कशी? त्या दिवाळीत चकल्या संपल्या तरी हा प्रश्न काही संपेना. पुढे मी थोडे वाचले, थोडे विचारले. हाती जे लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

वावड्या आणि वस्तुस्थिती

वावडी उठते ती अगदीच वाऱ्यावर नसते. तिच्या मुळाशी काहीतरी असतेच. इथे काय होते ते पाहू.

मुंबई सिटी हा संघ २०१४ सालचा. ‘इंडियन सुपर लीग’ ही स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली आणि देशातल्या शहरांच्या आणि प्रदेशांच्या नावांनी आठ संघ उभे राहिले. मुंबईच्या संघाचे मालक होते चित्रपट अभिनेते रणबीर कपूर आणि हिशेबतज्ज्ञ बिमल पारेख. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ नावाच्या परदेशी कंपनीने ६५ टक्के हिस्सा विकत घेण्याचे जाहीर केले. इंग्लंडचा मँचेस्टर सिटी संघ हिचाच आणि हिच्यामागचे मुख्य भांडवल अबू धाबीचे. निरनिराळ्या देशांतले संघ एका छत्राखाली आणायचे, हा हिचा उद्योग. त्या छत्राखाली आपली अंधेरी आली. पुढच्या पाच वर्षांत संघाने जे मिळवले ते लहान नव्हते. २०२०-२१ च्या हंगामात लीगमधला पहिला क्रमांक आणि अंतिम सामना असे दोन्ही मान एकदम मिळाले. एप्रिल २०२२ मध्ये आशियाच्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत इराकच्या हवाई दलाच्या संघाला २-१ असे हरवले; ह्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिलाच सामना. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात जाऊन, ३-१ असा अंतिम सामना जिंकला.

मग अशी भरभराट असताना विक्रीची भाषा कशाला? त्याचे कारण अंधेरीत नव्हते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लीग चालवण्याचे हक्क एका व्यापारी कंपनीला १५ वर्षांच्या कराराने दिले होते. हा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. नवा करार होईना. म्हणून जुलै २०२५ मध्ये स्पर्धाच स्थगित झाली. महासंघाने नव्या निविदा मागवल्या, पण नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही निविदा आलेली नव्हती. संघ आहे, खेळाडू आहेत, मैदान आहे. पण सामने कधी, कोणाबरोबर आणि कोणाच्या पैशाने, हे कोणालाच ठाऊक नाही. ज्या नाटकाचा प्रयोगच लागत नाही त्याच्या मंडळीला मालक किती दिवस पोसणार? आमच्या बोरिवलीच्या जिन्यावर जी कुजबुज झाली, तिचा उगम हा असा होता.

भाडेकरूची टीम

आता दुसरा प्रश्न. टीम ‘हलवतात’ म्हणजे नेमके काय हलवतात?

मुंबईकराला ही गोष्ट समजावून सांगायला फार कष्ट नकोत. पागडीची खोली, मालकाची चाळ, अकरा महिन्यांचा करार हे शब्द आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. ह्या लीगमधला संघ म्हणजे पुष्कळ अंशी भाडेकरूच. शहराचे नाव लावण्याचा आणि लीगमध्ये खेळण्याचा हक्क मालकाने पैसे मोजून घेतलेला असतो. खेळाडू करारावर असतात. आज आहेत, उद्या नाहीत. मैदान तर बहुधा दुसऱ्याचेच. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल महापालिकेचे आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये मायकेल जॅक्सन ज्या मैदानावर नाचून गेला, ते हेच. तिथे सात हजारांच्या आसपास माणसे बसू शकतात. ह्याच मैदानावर २०१६ पासून मुंबई सिटी आपले घरचे सामने खेळू लागली. त्याआधीचे दोन हंगाम ती नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होती.

इथे मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. टीम अंधेरीहून जाणार म्हणून आमचे चिरंजीव रडवेले झाले होते. पण ती अंधेरीला आली तीसुद्धा कुठून तरी उठूनच! २०१६ साली नेरूळ-वाशीच्या एखाद्या पोराने आपल्या आईला काय सांगितले असेल, ह्याचा विचार आम्ही उपनगरवाल्यांनी कधी केला नाही. आपल्याकडे पाहुणा आला की आपण दिवे लावतो. तो कुणाचे घर सोडून आला हे विचारीत नाही.

शिवाय मोठ्या सामन्यांच्या वेळी हे घर अपुरे पडे ते वेगळेच. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेचे ‘घरचे’ सामने अंधेरीत झाले नाहीत. त्यासाठी पुण्याच्या बालेवाडीची आणि नेरूळची वाट धरावी लागली. मुलीचे लग्न निघाले की चाळीतला माणूस हॉल शोधतो, त्यातलाच हा प्रकार.

तात्पर्य, मैदान पालिकेचे, खेळाडू कराराचे, हक्क मालकाचे. मग टीममधले न हलणारे असे राहिले काय? माणसे! दर सामन्याला त्याच कोपऱ्यात उभी राहून ढोल बडवणारी, ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ नावाची ती प्रेक्षकांची फलटण. घाटकोपरहून मेट्रोत बसून आझादनगरला उतरणारी, मुलुंडहून आधी घाटकोपर गाठणारी, बोरिवलीहून लोकलला लोंबकळत येणारी मंडळी. विक्रीच्या खतात ह्यांची नोंद कुठेच नसते.

गेलेल्यांची यादी

‘असे कुठे होते का? चालती टीम कुणी हलवते का?’ असे मी चिरंजीवांना धीर देण्यासाठी म्हणाले. त्यांनी बोटांवर यादी मोजून दाखवली आणि माझे तोंड बंद केले.

मुंबई सिटीने आपला पहिला घरचा सामना १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरूळला जिंकला, तो ५-० असा, पुण्याच्या संघाविरुद्ध. मुंबई-पुण्याचे वैर काय वर्णावे! पुणेकरांना पाच गोल! त्या रात्री आमच्या कॉलेजच्या मुलांनी जे घोषणांचे पीक काढले, ते यमकांच्या दृष्टीने पाहता बरे होते. पण तो पुण्याचा संघ आज आहे कुठे? २०१९ साली तो बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपदही मिळवले. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन त्या दिवाळीच्या महिन्यात, तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला आणि ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. गंमत म्हणजे दिल्लीचा मूळचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ‘ओडिशा’ बनला होता. घर रिकामे झाले म्हणून दुसरा बिऱ्हाडकरू आला, एवढेच! आमच्या जिन्यावरच्या पोरांना घोर लागला तो ह्यामुळे. त्यांची भीती पोरकट नव्हती. ती ताज्या वर्तमानपत्रातून आलेली होती.

मुंबईचीच गोष्ट घ्या. महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून आला आणि चारच वर्षांत, २०१० मध्ये, मालकांनी तो विसर्जित केला. २००७ साली ‘मुंबई एफ.सी.’ निघाली. खालिद जमील ह्यांच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षे कुपरेजवर चिवटपणे तग धरला; २०१७ मध्ये ती खालच्या श्रेणीत गेली आणि मिटली. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स ही नावे आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होती. आजच्या मुलाला ती विचाराल तर तो कापडाचे दुकान दाखवील.

बाबांच्या टीमची गोष्ट

वडिलांचे नाव निघाले म्हणून सांगते. आमचे बाबा लालबागचे. गिरणीत साच्यांवर काम करीत आणि गिरणीच्या फुटबॉल टीममध्ये बचावाच्या फळीत खेळत. गिरणीचे नाव सांगत नाही. तशा तिथे पुष्कळ होत्या आणि सगळ्यांचे शेवटी झाले ते सारखेच. आम्ही १९८९ मध्ये बोरिवलीला आलो. म्हणजे तसे पाहिले तर आम्हीही हलवलेलीच टीम! बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. पलीकडच्याच इमारतीत भावाकडे राहतात. मुंबई सिटीचा सामना घरात लागला की ते दुसऱ्या खोलीत जात. त्यांना तो गोंगाट आवडत नसेल, अशी आमची समजूत.

त्या भाऊबीजेला नातवाने त्यांना सरळच विचारले, “आजोबा, तुमच्या टीमचं काय झालं?”

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “काय व्हायचं? ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. गेट बंद झालं. टीम बंद झाली असं कुणी सांगितलंच नाही. नोटीससुद्धा लागली नाही. आम्ही आपले रविवारी मैदानावर जमायचो. आधी अकरा, मग नऊ, मग सात. कुणी गावाला गेला, कुणी भाजी विकायला बसला. सात जणांत सामना होत नाही. मग एका रविवारी मीही गेलो नाही.”

“मग तुम्ही दुसरी टीम का नाही काढली? तुमची स्वतःची?”

हा प्रश्न ऐकून बाबा जरा गोंधळले. मला वाटले, आता ते पोराला ‘तुला काय कळतं’ म्हणून गप्प करतील. पण ते म्हणाले, “सुचलंच नाही रे. गिरणीची टीम म्हणजे गिरणीची. गिरणी गेली म्हणजे टीम गेली. बॉलसुद्धा गिरणीच्या कपाटात होता.”

चाळीस-बेचाळीस वर्षांनी माझ्या लक्षात आले की बाबा दुसऱ्या खोलीत जात ते गोंगाटामुळे नव्हे. संपाने त्यांची नोकरी नेली हे आम्हा मुलांना माहीत होते. हे दुसरे जे काही नेले, ते आम्ही कधी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

विम्बल्डनकरांना सुचले

बाबांना जे सुचले नाही ते सुचलेल्या माणसांची एक हकीगत मला ह्याच सुमारास वाचायला मिळाली. ती लंडनची आहे.

विम्बल्डन म्हणजे आपल्याला टेनिस आठवते. पण त्या उपनगराचा फुटबॉल संघही होता, १८८९ साली स्थापन झालेला. १९८८ मध्ये त्या छोट्या संघाने अंतिम सामन्यात बलाढ्य लिव्हरपूलला १-० असे हरवून इंग्लंडचा मानाचा एफ. ए. कप जिंकला. तीन वर्षांत त्याचे ‘प्लाऊ लेन’ हे जुने मैदान सुटले आणि तो दुसऱ्या संघाच्या मैदानात पोटभाडेकरू झाला. पुढे मालकांनी ठरवले की संघ लंडनच्या उत्तरेला, मिल्टन कीन्स नावाच्या नव्या वसवलेल्या गावी न्यायचा. लोकांनी निषेध केला, अर्ज केले. मे २००२ मध्ये तिघांच्या समितीने दोन विरुद्ध एक अशा मतांनी मालकांना परवानगी दिली. २००३ मध्ये संघ गेला. २००४ मध्ये त्याचे नावही बदलले.

इथवरची गोष्ट पुण्याची, दिल्लीची आणि आमच्या बाबांच्या गिरणीची. पुढची मात्र निराळी. निकाल लागल्यावर काही आठवड्यांतच विम्बल्डनच्या प्रेक्षकांनी वर्गणी काढून आपला नवा संघ उभा केला. खेळाडूंची निवड करायला तिथल्या मोकळ्या माळरानावर चाचणी घेतली. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या बऱ्याच खालच्या पायरीवरून त्यांनी सुरुवात केली. नऊ हंगामांत ते पायऱ्या चढत २०११ मध्ये मुख्य लीगमध्ये पोहोचले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, प्लाऊ लेनलाच आपल्या नव्या मैदानावर परतले. संघावर ताबा आहे तो प्रेक्षकांच्या मंडळाचा. जर्मनीत तर नियमच असा आहे की, काही थोडे अपवाद सोडले तर, क्लबमधली निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत. धनिकाने पैसा घालावा, पण संघ उचलून नेता कामा नये.

हे वाचताना मला आपल्या पंढरपूरची आठवण झाली. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती पंढरीहून आपल्या राजधानीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ह्यांनी ती परत आणली, अशी कथा वारकरी सांगतात. राजाने नेली तीही भक्तीनेच, असेही त्या कथेत आहे. देवाला वैभवात ठेवावे अशी त्याची इच्छा. पण मूर्ती गेली म्हणून वारकऱ्यांनी हंपीची वारी सुरू केली नाही. चंद्रभागेचे वाळवंट, ठरलेल्या तिथी, चालत येणारी माणसे ही सगळी जागच्या जागी राहिली, म्हणून परत आणण्याला अर्थ राहिला. फुटबॉलला देवाच्या पंक्तीला बसवण्याचा माझा मुळीच इरादा नाही. एवढेच म्हणायचे आहे की, ‘नेणारा नेईल, पण आपण इथे आहोत’ ही भावना आपल्या मातीला परकी नाही.

दोष कोणाचा?

येथे पुष्कळ वाचक म्हणतील, “बाई, हे सारे ठीक, पण ही टीम आपली कधी होती? इंग्रजी नाव, नट मालक, अरबांचा पैसा, परदेशी प्रशिक्षक! अकरा-बारा वर्षांच्या जाहिरातीवर एवढे अश्रू कशाला?” हा आक्षेप मी स्वतःच कैक वर्षे घेत आले. त्यात तथ्यही आहे.

पण दुसरी बाजू पाहा. १७ मार्च २०१९ रोजी लीगचा अंतिम सामना अंधेरीच्याच मैदानावर झाला. बंगळुरू आणि गोवा ह्यांच्यात शंभर मिनिटे उलटली तरी गोल नव्हता. ११७ व्या मिनिटाला बंगळुरूच्या ज्या खेळाडूने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला तो राहुल भेके हा मुंबईत जन्मलेला, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला मुलगा. पुढे तोच मुंबई सिटीत आला. इराकच्या संघाविरुद्धचा विजयी गोल त्याचाच, आणि २०२४ मध्ये कोलकात्यात चषक उंचावणारा कर्णधारही तोच. मोठा संघ गावात असला म्हणजे गल्लीतल्या पोराला मान वर करून बघायला काहीतरी असते. हे जाहिरातीने होत नाही. घरापासून मेट्रोच्या अंतरावर प्रत्यक्ष बघून होते.

आणि ‘टीम आपली कधी होती’ असे विचारताना ‘आपण टीमचे कधी होतो’ हेही विचारले पाहिजे. जून २०१८ मध्ये अंधेरीतच भारताचा सामना होता. भारताने तैवानच्या संघाला पाच गोलांनी हरवले, आणि ते पाहायला माणसे होती २,५६९. दीड-दोन कोटींच्या महानगरात! दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीने लोकांना हात जोडून विनंती केली, की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. त्यानंतरच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. म्हणजे बोलावल्यावर आपण येतो. न बोलावता येत नाही, हाच काय तो दोष. टीम मालक विकतात हे खरे. पण रिकाम्या खुर्च्या सौदा सोपा करतात, हेही तितकेच खरे.

वावडी कुठे जाऊन पोहोचली?

२६ डिसेंबर २०२५ रोजी बातमी आली. वावडी निम्मी खरी ठरली. सिटी फुटबॉल ग्रुपने आपला सारा हिस्सा सोडला. लीगच्या भवितव्याविषयीची अनिश्चितता हे त्यांनी दिलेले एक कारण होते. मात्र टीम दुसऱ्या शहरी गेली नाही. ती पुन्हा मूळच्या मालकांकडे आली. पुढे सरकारने मध्यस्थी केली आणि १४ फेब्रुवारी २०२६ पासून, सामने कमी करून का होईना, लीग सुरू झाली.

चिरंजीवांना वाटले, संकट टळले. मला तसे वाटत नाही. ह्या खेपेला मूळचे मालक होते म्हणून टीम राहिली. पुढल्या खेपेला कोण असेल? खेळाडूंची व्यवस्था कराराने होते, मालकांची वकिलांमार्फत होते. प्रेक्षकांनी मात्र आपली व्यवस्था अजून केलेली नाही. काही अगदी साध्या गोष्टी मागता येतील. संघ विकायचा वा हलवायचा असेल तर प्रेक्षकांच्या मंडळाला आधी कळवावे. शहराचे नाव आणि रंग त्या शहराबाहेर नेता येऊ नयेत. पालिकेने आपले मैदान भाड्याने देताना उपनगरांतल्या शाळांच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात. आणि जमलेच तर, विम्बल्डनसारखा सगळा नव्हे, पण एखादा लहानसा हिस्सा वर्गणीदारांच्या नावावर असावा. सहकारी गृहनिर्माण संस्था, सहकारी पतपेढ्या, गल्लोगल्लीची गणेशोत्सव मंडळे चालवणाऱ्या महाराष्ट्राला वर्गणी आणि सभा कोणी शिकवायला नको!

आमच्या इमारतीतल्या पोरांनी मात्र माझ्या सूचनांची वाट पाहिली नाही. त्यांनी जानेवारीतच आपली एक टीम काढली. वर्गणी माणशी पन्नास रुपये. नाव ठेवण्यावरून तीन दिवस भांडण झाले आणि शेवटी इमारतीचेच नाव ठेवले. बाबांना त्यांनी अध्यक्ष केले. बाबांनी पद स्वीकारण्यापूर्वी एकच अट घातली: बॉल कुणा एकाच्या घरी राहता कामा नये, तो जिन्याखालच्या पेटीत ठेवायचा आणि पेटीच्या किल्ल्या अकरा जणांकडे असायच्या. पोरांना ह्या अटीचे कारण कळले नाही. पण त्यांनी अकरा किल्ल्या करून घेतल्या.

बाबा आता सामना लागला की दुसऱ्या खोलीत जात नाहीत. गुडघे साथ देतील तर एकदा अंधेरीला नेण्याचे मी त्यांना कबूल केले आहे. उत्तरपत्रिका घरी ठेवून येईन, असे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले आहे. वाचकांपैकी कुणी घाटकोपर-मुलुंडकडचे असतील तर त्यांनी घाटकोपरला मेट्रो धरावी, आणि आम्हा बोरिवलीकरांसारखे पश्चिमेचे असतील तर अंधेरीला. आझादनगर स्थानकावर उतरले की मैदान जवळच आहे.